सिस्टरांचा सर्बिया

"सर्व्हिस करतंस?"

भाड्याने खोली बघायला आलेल्या मुलीला हा प्रश्न कुणीही विचारील, म्हणून मी चटकन सांगितलं, "हो, जिल्हा परिषदेच्या शाळेत. कायम आहे."

"ती नाय गो. बॉलाची."

मी सांगलीकडची. मिठबावच्या शाळेत हजर होऊन तेव्हा चारच दिवस झाले होते. मालवणी अर्धी कळायची, अर्धी अंदाजाने. बॉल म्हणजे एखादी सरकारी योजना असेल असं मला वाटलं. तोवर त्या घरमालकीणबाई पडवीच्या पायऱ्या उतरल्यासुद्धा होत्या. साठी ओलांडलेली उंच बाई, साडी घोट्याच्या वर खोचलेली, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या सारवलेल्या अंगणात, दोन पोफळींच्या मध्ये मासेमारीचं जुनं जाळं ताणून बांधलेलं होतं. त्यांनी कोपऱ्यातला व्हॉलीबॉल माझ्याकडे फेकला आणि म्हणाल्या, "मार."

मी मारला. तो जाळ्याकडे न जाता गोठ्यात गेला. म्हैस उठून उभी राहिली.

"कोपर पडता गो तुझा. ऱ्हव हंय. शिकतलंस."

अशी मला खोली मिळाली. अट एकच. पाऊस नसेल त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता खळ्यात हजर राहायचं.

गावात त्यांना नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. त्यांच्याहून मोठी माणसंही त्यांना सिस्टर म्हणायची. मुंबईत आणि त्याआधी काही वर्षं लिबियात नर्स म्हणून नोकरी करून त्या गावी परतल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. गावातली इंजेक्शनं, सलाईन, ड्रेसिंग, सगळं त्यांच्याकडे. आणि सुई टोचताना माणसाचं लक्ष दुसरीकडे वळवायची त्यांची स्वतःची पद्धत होती. त्या सर्बियाच्या खेळांविषयी बोलत.

सर्बिया. युरोपातला एक लहानसा देश. शिकवताना मलाही तो नकाशात शोधावा लागायचा. पण मिठबावात कुणालाही विचारा, त्याला त्या देशाबद्दल चार गोष्टी ठाऊक असायच्या, कारण गावात एकदाही इंजेक्शन न घेतलेला माणूस नव्हता. ज्याला तापात एकच सुई मिळाली त्याला एकच गोष्ट माहीत. ज्याला कुत्रा चावला होता आणि पूर्ण कोर्स झाला होता, तो त्या विषयातला जाणकार.

एकदा एक मच्छीमार पायात काटा घुसला म्हणून पडवीत येऊन बसला होता. सिस्टर जखम धुता धुता वॉटर पोलो सांगत होत्या. रिओच्या ऑलिम्पिकमध्ये सर्बियाने या खेळात सुवर्णपदक घेतलं होतं. पाण्यात तरंगत, हाताने चेंडू मारून गोल करायचा. त्याने विचारलं, "सिस्टरानू, त्या देशाक दर्या खंय आसा?"

"नाय."

"मगे पाण्यातल्या खेळात सोन्याचा पदक कसा?"

सिस्टरांनी कापूस खाली ठेवला. "तुझ्या दारात दर्या आसा मां? तू काय जिंकलंस ता सांग."

तो बिचारा काट्यापेक्षा या प्रश्नानेच जास्त घायाळ होऊन गेला.

त्यांच्याकडे वह्या नव्हत्या, तक्ते होते. इस्पितळात रुग्णाच्या पलंगाला तापाचा तक्ता लटकवतात तसे. प्रत्येक महत्त्वाच्या सामन्याचा एक. सर्बियाची रेघ लाल, समोरच्या संघाची निळी. गुण वाढत जातील तशी रेघ चढायची. वर्तमानपत्र दहाच्या एसटीने यायचं आणि त्यातला क्रीडापानावरचा कोपरा त्या आधी वाचायच्या. कधी दोन ओळी मिळायच्या, कधी नुसता निकाल, बहुधा काहीच नाही. बोलायच्याही नर्ससारख्या. "दुसऱ्या सेटात बीपी पडला, तिसऱ्यात पेशंट सावारलो." आणि गंमत अशी, की एरवी अस्सल मालवणी बोलणारी ही बाई सामन्याचं वर्णन सुरू झालं की रेडिओवरच्या निवेदकासारखं शुद्ध मराठी बोलायची. "सर्बियाने आता सेवा आपल्याकडे घेतली आहे." आम्ही हसलो तर रागावायच्या, तेही शुद्ध मराठीतच.

हाच देश का, असं विचारलं की दर वेळी उत्तर वेगळं. पोस्टमनला म्हणाल्या, तेंचो लाल रंग बरो. सरपंचांना म्हणाल्या, लहान गावान मोठ्या गावाक कसा हरवूचा ता तेंच्याकडसून शिका. मला म्हणाल्या, "तेंच्याबद्दल हंय कोण बोलणा नाय. मी तरी बोलतंय."

पण त्यांच्या गोष्टी नुसत्या बढाया नसत. शाळेतून मला तालुक्याच्या क्रीडास्पर्धेला मुलं न्यायची होती आणि निघायच्या आदल्या दिवशी साथीच्या तापाने सगळी झोपली. उरल्या दोन मुली. एवढं लहान पथक घेऊन जायची मला लाज वाटायला लागली. सिस्टर म्हणाल्या, "दोनच चेडवां म्हणान लाजतंस कित्याक? शंभर वर्सांपूर्वी सर्बियासून ऑलिम्पिकाक दोघेच गेल्ले. एक शंभर मीटर धावलो, दुसरो मॅरेथॉन. पदक कोणाक गावला नाय. पण देश गेल्लो, असाच लिवलेला आसा."

मी दोघींना घेऊन गेले. पथकांच्या संचलनात आमच्या शाळेचा फलक एकीने धरला आणि दुसरी तिच्यामागून एकटी ताठ चालत गेली. मैदानात लोक हसायला लागले आणि मग टाळ्या वाजवायला लागले. त्यातली एक दोनशे मीटरमध्ये तिसरी आली.

दुसरी एक गोष्ट त्या नेहमी सांगायच्या. नव्वदच्या दशकात युद्ध झालं, जुना मोठा देश फुटला, जगाने त्यांच्यावर बंदी घातली. त्या वर्षी बार्सिलोनाच्या ऑलिम्पिकला त्यांच्या संघांना प्रवेशच नव्हता. एकेकटे खेळाडू गेले ते देशाचं नाव न लावता, झेंड्याशिवाय. त्यातल्या नेमबाजांनी पदकं मिळवली. "बावटो नाय म्हणान नेम चुकता असा नाय," हे त्यांचं वाक्य गावात म्हणीसारखं झालं होतं. निवडणुकीत तिकीट न मिळालेला एक उमेदवारही ते भाषणात वापरून गेला.

आणि पाच वाजता खळं.

खेळायला बायकाच यायच्या. वरच्या वाडीतल्या, आंब्याच्या बागा असलेल्या घरांतल्या काही आणि खालच्या वाडीतल्या मासे विकून दुपारी मोकळ्या झालेल्या काही. या दोन वाड्यांत फारसं जाणं-येणं नव्हतं. वरच्या वाडीतल्या सुलभाकाकी आणि खालच्या वाडीतली तारामावशी यांचं तर समुद्राकडे जाणाऱ्या पाणंदीवरून भांडण झालेलं. सहा वर्षं दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. सिस्टरांना ते चांगलं माहीत होतं. व्हॉलीबॉलमध्ये सर्व्हिस बदलली की सगळ्यांनी एकेक जागा पुढे सरकायचं असतं, कुणाची जागा कायमची नसते. त्या नियमाने दोघी कधी ना कधी शेजारी यायच्याच.

त्या दिवशी आल्या. बॉल नेमका दोघींच्या मधे उंच आला. दोघी वर बघत थांबल्या आणि तो दोघींच्या मधे धप्पकन पडला. दुसऱ्यांदाही तेच. सिस्टर शुद्ध मराठीत म्हणाल्या, "बॉल कोणाचा ते तोंडाने सांगितलं नाही तर मी जाळं सोडून ठेवणार आहे." तिसऱ्यांदा बॉल आला तेव्हा तारामावशीने दात आवळून म्हटलं, "तुझो."

सुलभाकाकींनी तो इतका जोरात मारला की समोरच्या बायका बाजूला झाल्या. ‘तुझो’ हा सहा वर्षांनंतरचा पहिला शब्द होता. पाणंदीचं भांडण काही त्या दिवशी मिटलं नाही. पण पुढे भांडायच्या त्या समोरासमोर उभं राहून, आणि पाच वाजले की थांबायच्या.

२०१८ च्या ऑक्टोबरची गोष्ट. महिलांच्या व्हॉलीबॉलच्या जागतिक स्पर्धेत सर्बियाच्या मुली अंतिम फेरीत पोचल्या. सामना जपानमध्ये, आपल्याकडच्या वेळेने दुपारी चारच्या सुमारास सुरू होणार, समोर इटली. टीव्हीवर तो कुठेच नव्हता. माझ्या मोबाईलवर गुण दिसले असते, पण वाडीत रेंज नसायची. रेंज फक्त वर सड्यावर, कातळाच्या मोकळ्या माळावर, तीही एका चिऱ्यांच्या ढिगाऱ्याजवळ उभं राहिलं तरच.

सिस्टर त्या दिवशी सकाळपासून जेवल्या नव्हत्या. साडेतीनला आम्ही निघालो. मी समजत होते दोघीच जाऊ. घाटी चढताना मागे वळून बघितलं तर खळ्यातल्या सगळ्या बायका येत होत्या. कुणाच्या हातात पाण्याची बाटली, कुणाच्या पदरात चुरमुरे. तारामावशी टोपलीतले मासे अर्धे विकून बाकीचे जावेकडे टाकून आली होती.

वर ऊन कडक होतं. गवत पिवळं पडायला लागलं होतं आणि खाली समुद्र डोळे दिपतील असा चमकत होता. मी ढिगाऱ्यावर चढून मोबाईल उंच धरला. चित्र नव्हतंच. नुसते आकडे. अर्ध्या मिनिटाने एखादा आकडा बदलायचा. मी तो मोठ्याने वाचायचा आणि सिस्टरांनी मांडीवरच्या तक्त्यात लाल किंवा निळं टिंब द्यायचं.

पहिला सेट गेला. बायका गप्प झाल्या. नुसत्या आकड्यांत त्यांना काही दिसत नव्हतं. तेव्हा सिस्टर उठून उभ्या राहिल्या आणि बोलायला लागल्या.

"सर्बियाची उंच मुलगी सर्व्हिसला आलेली आहे. तिने बॉल दोनदा जमिनीवर आपटला. इटलीची मागची फळी सावध. बॉल जाळ्याला घासून गेला, आणि..."

मी ओरडले, "सर्बिया, एक गुण."

"आणि तो पडला," सिस्टर म्हणाल्या.

आकडा आला की त्यामागचा सगळा खेळ त्या रचायच्या. कुणी उडी मारली, कुणाची बोटं बॉलला लागली, कुणी जमिनीवर लोळण घेतली. जपानमध्ये तसं काही झालं असेल नसेल, पण सड्यावरच्या बारा बायकांना ते दिसत होतं. दुसरा सेट सर्बियाने घेतला. तिसरा पुन्हा गेला. सुलभाकाकींनी देवाला नारळ बोलला. चौथा सर्बियाने घेतला तेव्हा माझे हात भरून आले होते. तारामावशी म्हणाली, "मास्तरणी, तू खाली उतर, मी धरतंय," आणि माशाची टोपली धरते तसा तिने एका हाताने मोबाईल डोक्यावर धरला. तो शेवटपर्यंत हलला नाही. मी तिच्या खांद्यामागून वाचत होते.

पाचवा सेट पंधराचाच असतो. सिस्टरांनी वर्णन थांबवलं होतं. मी नुसते आकडे वाचत होते आणि दर आकड्याला बायका एकमेकींचे हात घट्ट धरत होत्या. एकदा आकडे बराच वेळ हललेच नाहीत. सुलभाकाकी म्हणाल्या, "गेली वाटता रेंज." मग आकडा बदलला.

"पंधरा-बारा," मी म्हणाले. "संपलं. सर्बिया."

कातळावर जो गलका उठला तो खाली वाडीत ऐकू गेला. कुणीतरी पडलं की काय म्हणून दोघेतिघे पुरुष घाटी चढून वर आले आणि बघतात तर बायका फुगडी घालतायत. मी सिस्टरांकडे वळले. त्या चिऱ्यावर बसून रडत होत्या. हसतही होत्या.

"जिती आसतली ती," त्या म्हणाल्या. "आता माका पत्र घालूक व्हया."

"कुणाला?"

"मीराक."

घाटी उतरताना त्यांनी मला सांगितलं. लिबियातल्या वाळवंटातल्या इस्पितळात त्या पाच वर्षं ज्या मुलीबरोबर एका खोलीत राहिल्या ती सर्बियाची होती. नाव मीरा. "नाव आमचाच, पण तेंच्या भाषेत मीर म्हणजे शांती." सिस्टर पंचविशीच्या, घरापासून पहिल्यांदाच लांब, रोज रडणाऱ्या. मीराने त्यांना इस्पितळाच्या मागच्या अंगणात नेलं आणि बॉल हातात दिला. ती गावी क्लबकडून खेळलेली होती. पाच वर्षं रोज संध्याकाळी पाच वाजता दोघी खेळायच्या. निरोपाच्या दिवशी मीरा म्हणाली होती, आमच्या मुली एक दिवस जगात पहिल्या येतील. त्या दिवशी तू जिथे असशील तिथून मला पत्र घाल.

मग युद्ध आलं. पत्रं जाईनात. एक परत आलं. पुढे मीराच्या गावावर बॉम्ब पडले, नदीवरचे पूल गेले, एवढं सिस्टरांनी वर्तमानपत्रात वाचलं. त्यानंतर त्या देशाची बातमी मराठी वर्तमानपत्रात एकाच पानावर यायची.

"म्हणान मी ता पान वाचतंय," त्या म्हणाल्या. "खेळतत म्हणजे थंय माणसां आसत. माणसां आसत म्हणजे ती पण आसतली."

मी म्हटलं, इंटरनेटवर शोधू, पाच मिनिटांत सापडेल. त्यांनी मान हलवली. "पत्र घाल म्हणलेली. पत्रच घालतलंय."

त्यांनी इंग्रजीत चार ओळी लिहिल्या आणि जुन्या पत्त्यावर पाठवल्या. मग आम्ही वाट बघायला लागलो. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. त्या पोस्टमनला काही विचारत नव्हत्या, पण तो यायच्या वेळेला बरोबर फाटकापाशी काहीतरी काम काढायच्या. इंजेक्शन देताना गोष्टी सांगणं बंद झालं. लोक म्हणायला लागले, आता सुई दुखते. मला भीती वाटायला लागली. इतकी वर्षं ती बाई त्यांच्या मनात जिवंत होती. पत्र परत आलं तर?

जानेवारीत उत्तर आलं. लिफाफा माझ्याकडे देऊन त्या पायरीवर बसल्या. "तू वाच. माझो चष्मो धुरकट झालो."

मीराने सांगितलेलं तिच्या मुलीने इंग्रजीत लिहिलं होतं. रस्त्याचं नाव बदललं, पण पोस्टमन जुना होता म्हणून पत्र पोचलं. खूप रडले. खाली फोन नंबर होता. आणि मधे एक परिच्छेद होता, तो मी दोनदा वाचला. "आमच्या मुली जिंकल्या हे मला तुझ्या पत्रातून कळलं. मी खेळ बघत नाही. आम्ही ज्या हॉलमध्ये खेळायचो तिथे युद्धात निर्वासितांच्या गाद्या घातल्या होत्या आणि मी तिथे नर्स होते. त्यानंतर बॉलचा आवाज मला नकोसा झाला. घरात खेळ लागला की मी उठून जाते."

सिस्टरांनी पत्राची घडी घातली. मला वाटलं, आता मोडल्या. ज्या निकालांवर त्यांनी सगळी वर्षं काढली ते निकाल त्या बाईला माहीतच नव्हते.

मग त्या उठल्या, आत गेल्या आणि कपाटातले सगळे तक्ते बाहेर काढले.

"फोन लाव," त्या म्हणाल्या. "तिका काय्येक म्हायत नाय. सगळा सांगूक व्हया."

रविवारी दुपारी सड्यावरून व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर पांढऱ्या केसांची, जाड भिंगांची एक बाई आली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग एकदम दोघी बोलायला लागल्या, इंग्रजी, इस्पितळातली अरबी, तिच्या भाषेतले शब्द, सगळं एकत्र. रडून झाल्यावर सिस्टरांनी पहिला तक्ता उचलला.

मी सड्यावर बसून ऐकत होते. त्यांनी सुरुवात केली ती शंभर वर्षांपूर्वीच्या दोन धावपटूंपासून. झेंड्याशिवाय गेलेले नेमबाज सांगितले. पोहायचा तलाव रिकामा करून त्यात गालिचा अंथरून टेनिस शिकलेली आणि पुढे जगात पहिल्या क्रमांकावर गेलेली मुलगी सांगितली. बॉम्ब पडत होते त्या दिवसांत सराव करणारा आणि पुढे सगळ्यांना मागे टाकणारा टेनिसपटू सांगितला. वॉटर पोलो सांगितला. मिठबावची बाई सर्बियातल्या बाईला सर्बियाबद्दल सांगत होती. मीरा आधी मान फिरवून बसली होती. मग तिचा चेहरा पडद्याच्या जवळ जवळ यायला लागला. सिस्टर श्वास घ्यायला थांबल्या की ती म्हणायची, "दाल्ये."

"दाल्ये म्हणजे पुढे सांग," सिस्टर मला म्हणाल्या. त्यांचा चेहरा वीस वर्षांनी लहान दिसत होता.

ते एका रविवारात संपलं नाही. दर रविवारी एक तक्ता, असं वर्षभर चाललं. जपानमधला अंतिम सामना सिस्टरांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता. तो सांगून झाल्यावर मीरा म्हणाली, नातीला घेऊन उद्या हॉलमध्ये जाते, बघू बसवतं का. पुढच्या रविवारी तिने सांगितलं, अर्धा तास बसले. त्याच्या पुढच्या वेळी पूर्ण सामना.

माझी पुढे कणकवलीला बदली झाली. खोली सोडली, पण नांदगावला एसटी बदलून वर्षातून दोनदा मिठबावला जाते. पॅरिस ऑलिम्पिकच्या वेळी ऑगस्टमधल्या एका रविवारी गेले होते. पाऊस कोसळत होता. आता वाडीत रेंज आली आहे. वॉटर पोलोचा अंतिम सामना होता, सर्बिया सुरुवातीचे काही सामने हरूनही तिथवर आला होता, आणि समोर क्रोएशिया, म्हणजे पूर्वी त्यांच्याच देशात असलेले शेजारी. पडवीत सगळ्या बायका दाटीवाटीने बसलेल्या. एका मोबाईलवर सामना, दुसऱ्यावर मीरा, तिच्या घरच्या टीव्हीसमोर बसलेली.

तिच्या टीव्हीवर सामना आमच्याआधी दिसतो हे पाच मिनिटांतच लक्षात आलं. ती ओरडली की आम्ही श्वास रोखायचो आणि थोड्या वेळाने आमच्या पडद्यावर गोल व्हायचा. तिने कपाळाला हात लावला की सिस्टर निळी पेन्सिल उचलायच्या.

शेवटच्या मिनिटाला सर्बिया पुढे होता, पण बॉल समोरच्यांकडे होता. कुणी हलत नव्हतं. एवढ्यात दुसऱ्या मोबाईलमधून मीराची किंकाळी आली, मग तिची मुलगी, मग नात, मग शेजारचं कुणी. मीरा नाचत होती, तिचा पडदा नुसता हलत होता. तारामावशी उठली, सुलभाकाकींना हाताला धरून उठवलं आणि दोघी तिथेच गिरक्या घ्यायला लागल्या. माझ्या गळ्यात कुणीतरी हात टाकले.

सिस्टरांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. त्यांची नजर पडद्यावरून हलली नव्हती. तिथे अजून काही सेकंद उरले होते आणि सर्बियाचे खेळाडू पाण्यात जिवाच्या आकांताने पोहत होते.

"गप ऱ्हवा गो," त्या म्हणाल्या. "तेंका अजून जिंकूचा आसा."